पेशव्यांच्या दरबारातून विल्टशरमध्ये: मॅलेट घराण्याच्या मागावर

पेशवाईची कागदपत्रं चाळणाऱ्यांना इंग्रजांचा वकील 'मालेट' चांगला ठाऊक असतो. नाना फडणविसांच्या पुण्यात अकरा वर्षं राहिलेला, संगमावर बंगले बांधून बागा लावणारा सर चार्ल्स वॉर मॅलेट. मात्र त्याला 'सर' केलं ते पुण्यातल्या एका तहानं. त्या तहाबद्दल १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरेनं चालणारा किताब मिळाला आणि आज सव्वादोनशेहून अधिक वर्षांनीही तो किताब त्याच्या वंशात चालू आहे. भाचा ब्रिस्टलला राहतो. त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हा मी आधीच बजावून ठेवलं, "मला बकिंगहॅम पॅलेस नको, मालेटची गावं दाखव." तो म्हणाला, "मावशी, इथल्या माणसांनाही तो माहीत नसेल." बऱ्याच अंशी खरंच होतं ते.

पहिला दिवस: कूम फ्लोरी, सॉमरसेट

सप्टेंबरची सकाळ, आभाळ भरलेलं, पाऊस मात्र येता येत नव्हता. टाँटन सोडून माइनहेडच्या रस्त्याला लागलं की क्वान्टॉक टेकड्या उजवीकडे जातात की डावीकडे राहतात यावर आमचा वाद चालू होता, तेवढ्यात कूम फ्लोरीचा फाटा आला. रस्ता एकदम अरुंद झाला. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, समोरून ट्रॅक्टर आला तर कोणी मागे घ्यायचं हा प्रश्न. भाच्यानंच घेतली गाडी मागे. ट्रॅक्टरवाल्यानं एक बोट वर केलं. इथे आभार असेच मानतात म्हणे.

गाव लालसर दगडाचं आहे. घरं लाल, चर्च लाल, भिंतीवरून ओघळलेलं पाणीही लालसर दिसावं असं. चार्ल्सचे वडील रेव्हरंड अलेक्झांडर मॅलेट इथले रेक्टर होते, म्हणजे गावचे धर्मोपदेशक. एका पाद्र्याचा मुलगा. जमीनजुमला नाही, म्हणून १७७० च्या सुमाराला कंपनीच्या नोकरीत मुंबईला. तेव्हाच्या इंग्लंडात मधल्या घरातल्या पोरांची ही नेहमीचीच वाट होती.

नाव मात्र जुनं आणि मोठं. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉंकररसोबत जे हजर होते असं खात्रीनं सांगता येतं, अशी माणसं अगदी थोडी आहेत. त्यांत एक विल्यम मॅलेट. पुढे १२१५ मध्ये मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद, राजानं पाळावी यासाठी जे पंचवीस सरदार नेमले त्यांतही एक विल्यम मॅलेट, इथल्याच सॉमरसेटमधला. शेप्टन मॅलेट आणि करी मॅलेट ही गावं अजून ते नाव घेऊन बसली आहेत. आपला वंश तिथपर्यंत जातो असं घराणं सांगतं. पण नाव एवढं जुनं असूनही चार्ल्सच्या वाट्याला आली ती लाल दगडाच्या गावातली पाद्र्याची वस्ती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. किताब जुन्या रक्ताला मिळाला नाही, तो कामाला मिळाला. आणि ते काम पुण्यात झालं.

चर्च उघडं होतं. आत एक आजी पितळी कुंडीत डेलिया लावत होत्या. मॅलेट म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे सिडनी स्मिथसाठी येतात." हा १८२९ पासूनचा इथला रेक्टर, हजरजबाबी म्हणून सगळ्या इंग्लंडात प्रसिद्ध. मालेटसाठी आलेली मी बहुधा पहिलीच. पुण्याहून म्हटल्यावर त्यांनी फुलं खाली ठेवली आणि वीस मिनिटं मला पेशवे म्हणजे कोण ते सांगायला लावलं. राजा असूनही पंतप्रधान कारभार बघतो हे त्यांना लगेच पटलं. "मग आमच्यासारखंच की," म्हणाल्या. यावर काय बोलणार!

दुपारी बिशप्स लिडियार्डला. इथून माइनहेडपर्यंत सुमारे वीस मैल वाफेच्या इंजिनाची जुनी रेल्वे चालते, सगळी हौशी लोकांनी सांभाळलेली. आम्ही गाडीत बसलो नाही, फलाटावर बसून स्कोन, घट्ट साय आणि स्ट्रॉबेरीचा जॅम खाल्ला. साय आधी की जॅम आधी यावर डेव्हन आणि कॉर्नवॉलवाले भांडतात. मी दोन्ही प्रकारे खाऊन पाहिलं. फरक काही कळला नाही, एक स्कोन मात्र जास्त पोटात गेला.

कोणाला जायचं असेल तर: गाडी नसली तरी टाँटनहून माइनहेडकडे जाणारी २८ नंबरची बस या रस्त्यानं जाते. चर्चमध्ये दानपेटी असते, सुटी नाणी जवळ ठेवा. रेल्वे रोज चालत नाही, वेळापत्रक आधी बघा.

संध्याकाळी परतताना पाऊस आलाच. भाच्यानं विचारलं, हा मालेट नानांना आवडत होता का? मला या प्रश्नाची वाटच होती. १७७५ मध्ये राघोबादादा पुण्याच्या फौजेपुढे पळत खंबायतला पोचले, तेव्हा कंपनीतर्फे तिथे बसलेला माणूस हाच. त्यानं दादांना भावनगरमार्गे सुरतेला जायला मदत केली. म्हणजे नानांच्या सर्वांत मोठ्या शत्रूला ज्यानं वाचवलं, तोच दहा-अकरा वर्षांनी, १७८६ मध्ये, वकील होऊन त्यांच्याच दारात आला. नानांनी त्याला ठेवून घेतलं, मेजवान्या दिल्या आणि त्याच्यावर नजरही ठेवली. मालेटही नानांचं प्रत्येक पाऊल कलकत्त्याला कळवत होता. आवडण्याचा प्रश्न दोघांनाही पडला नसावा.

दुसरा दिवस: न्यूटन टोनी, विल्टशर

ए-३०३ या रस्त्याबद्दल एवढंच सांगते, की स्टोनहेंजपाशी तो गाड्यांनी गच्च भरतो आणि त्यामुळे स्टोनहेंज अगदी फुकटात, निवांत, खिडकीतून बघता येतं. आम्ही तेवढंच बघितलं.

न्यूटन टोनी तिथून फार लांब नाही, पण जग वेगळं. गवती छपरांची घरं, मधून बोर्न नावाची नदी. नदी म्हणायला कसंतरी वाटतं, कारण सप्टेंबरात तिच्यात पाणीच नव्हतं. खडूच्या दगडाचा हा मुलूख. पावसाळ्यानंतर जमिनीतलं पाणी वर आलं की नदी वाहते, उन्हाळ्यात आटते. प्रत्येक घरापुढे तिच्यावर छोटासा पूल, आणि पुलाखाली गवत. एक काळा कुत्रा नदीच्या मध्यात झोपला होता.

गावच्या पबचं नाव 'मॅलेट आर्म्स'. पाटीवर घराण्याचं चिन्ह. त्या पाटीखाली उभं राहून मी फोटो काढून घेतला आणि पुण्याच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं, "शनिवारवाड्यासमोर मिसळीचं दुकान 'नाना आर्म्स' काढू या."

आत लाकडी तुळया, चुलाण्यात जाळ. माझ्यासाठी बटाटा आणि लीकचं सूप, जाड पाव, सॉमरसेटचं चेडर. भाच्यानं 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेली इंग्रजी पेस्ट्री, घेतली. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त फौजी बसले होते. सॉल्सबरीचं पठार म्हणजे लष्कराचा सराव-मुलूख, त्यामुळे इथे दर तिसरा माणूस फौजेतला. त्यांचे आजोबा देवळालीला होते. देवळाली अजून आहे का, त्यांनी विचारलं. आहे, तोफखान्याची शाळाही आहे म्हटल्यावर त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. बॅरोनेट म्हणजे नेमकं कोण, हे मी त्यांनाच विचारलं. ते हसले. "लॉर्ड नाही. लॉर्डांच्या सभेत बसायला मिळत नाही. नावाआधी सर लागतं, बायकोला लेडी म्हणतात, आणि थोरल्या मुलाला ते आपोआप मिळतं. बाकी बिल आम्हालाही तेवढंच येतं."

मुळात हा किताब विकाऊ होता, हे मला वाचून माहीत होतं. पहिल्या जेम्स राजाला १६११ मध्ये आयर्लंडच्या अल्स्टर भागात फौज ठेवायला पैसे हवे होते. वर्षाला हजार पौंडांचं जमिनीचं उत्पन्न असलेल्या माणसानं तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार भरायचा, दर शिपायाला रोज आठ पेन्स, म्हणजे एकूण १०९५ पौंड, आणि किताब घेऊन जायचं. म्हणून बॅरोनेटांच्या चिन्हात अल्स्टरचा लाल पंजा असतो. मालेटच्या काळापर्यंत पैसे भरण्याची रीत गेली होती, पंजा तेवढा राहिला होता.

आणि मालेटनं दिलं काय? १७९० च्या जूनमध्ये पुण्यात इंग्रज, पेशवे आणि निजाम यांचा टिपूविरुद्ध तह झाला. त्या युद्धात १७९२ मध्ये टिपूला अर्धं राज्य सोडावं लागलं. मराठ्यांना त्यातला वाटा मिळाला, हे खरं. पण मराठे आणि टिपू एकत्र येणार नाहीत याची सोय कंपनीसाठी त्याहून मोलाची होती, आणि ती मालेटनं करून दिली. लंडननं त्याची किंमत ओळखली. नानांसारख्या माणसाला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे तेव्हा टिपू जास्त जवळचा होता.

जेवण झाल्यावर विल्बरीकडे. किताबाचं पूर्ण नाव 'विल्टशरमधील विल्बरीचे मॅलेट बॅरोनेट'. हिंदुस्थानातून परतलेल्या माणसाला जमीन आणि मोठं घर लागायचंच, त्याशिवाय 'सर' शोभत नसे. विल्बरी हाउस १७१० च्या सुमाराला विल्यम बेन्सन यानं बांधलं. हा पुढे प्रसिद्ध वास्तुकार क्रिस्टफर रेनच्या जागी राजाचा मुख्य बांधकाम अधिकारी झाला, संसदेची इमारत कोसळायला आली आहे असा चुकीचा अहवाल देऊन बसला आणि वर्ष-सव्वा वर्षात घरी गेला. आमच्याकडेही अशी माणसं असतात, पण ती घरी जात नाहीत.

घर खासगी आहे, आत जाता येत नाही. झाडांच्या रांगेपलीकडे फिकट रंगाचा तुकडा दिसला, बाकी सगळं पार्कात बुडालेलं. कुंपण ओलांडू नका, विनाकारण लाज जाईल. मेंढ्या मात्र आमच्याकडे अगदी मालकासारख्या बघत होत्या.

इथे सर चार्ल्स आणि लेडी सुझाना यांचा संसार. सुझाना ही जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची मुलगी. वेल्स मालेटच्या आश्रयानं पुण्यात राहिला, त्यानं पेशव्यांची, नानांची चित्रं काढली. पेशव्यांच्या आश्रयानं पुण्यात चित्रशाळा निघाली आणि त्यात गंगाराम तांबटासारखा कलावंत तयार झाला. वेरूळ-कार्ल्याची लेणी गंगारामनं मालेटसाठी काढली. १७९५ च्या नोव्हेंबरात, मुंबईजवळ लेण्यांची चित्रं काढताना वेल्सला ताप आला आणि तो गेला. त्याच्या पोरक्या मुलींची जबाबदारी मालेटनं घेतली, आणि १७९९ मध्ये थोरल्या सुझानाशी लग्न केलं. त्यांना आठ मुलगे झाले. आठ! किताबाला वारसाची चिंता नव्हती.

त्या आठांतला एक ह्यू पॉइन्ट्स मॅलेट. तो मुंबई इलाख्यात नोकरीला लागला, ठाण्याचा कलेक्टर झाला आणि १८५० च्या मे महिन्यात चौकहून डोंगर चढून माथेरानच्या पठारावर पोचला. हो, तोच माथेरान 'शोधणारा'. ठाकूर, कातकरी, धनगर तिथे आधीपासूनच होते, ते सोडा. माथेरानला मॅलेटचा झरा आहे, तिथे शाळेच्या सहलीत मी पाणी प्यायले आहे. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं गाडी थांबवली. "म्हणजे शनिवारवाड्यातला मालेट आणि माथेरानचा मॅलेट बापलेक?" पुण्यातल्या शाळेत शिकूनही हे कोणी आपल्याला एका वाक्यात सांगितलं नाही, याचा त्याला राग आला. मलाही येतो.

चर्च बघून निघालो. इमारत १८४० च्या दशकातली, म्हणजे सर चार्ल्सच्या नंतरची. याच गावात १६६२ मध्ये सीलिया फाइन्स जन्मली. घोड्यावर एका बाजूला बसून, एकदोन नोकर बरोबर घेऊन सगळं इंग्लंड पालथं घालणारी बाई. प्रवासाला निघालेल्या एका बाईनं तिच्या गावात नमस्कार करणं योग्यच होतं.

जाणाऱ्यांसाठी: लंडनच्या वॉटर्लूहून सॉल्सबरीकडे जाणाऱ्या गाडीनं ग्रेटली स्टेशनला उतरा, तिथून टॅक्सी आधी सांगून ठेवा, स्टेशनबाहेर उभी नसते. पबचं स्वयंपाकघर दुपारी बंद होतं, फोन करून जा. सप्टेंबरातही लोकरीचा स्वेटर हवा.

तिसरा दिवस: लंडन

परतीचं विमान रात्रीचं. सकाळी ब्लूम्सबरीत मॅलेट स्ट्रीट. लंडन विद्यापीठाची उंच पांढरी सेनेट हाउसची इमारत याच रस्त्यावर. हा रस्ता सर चार्ल्सच्या नावाचा नाही, नातवाच्या. चार्ल्सचे चिरंजीव, दुसरे बॅरोनेट सर अलेक्झांडर जर्मनीत राजदूत होते. तिसरे हेन्री १९०४ मध्ये वारले, मुलगा नव्हता, म्हणून किताब भावाकडे, चौथे सर एडवर्ड यांच्याकडे आला. एडवर्ड आधी इजिप्तमध्ये इंग्लंडचे प्रतिनिधी, मग १८८४ ते १८९५ बर्लिनमध्ये इंग्लंडचे राजदूत. आफ्रिकेची वाटणी करणाऱ्या बर्लिन परिषदेत इंग्लंडतर्फे तेच बसले होते. त्यांची बायको लेडी अर्मिंट्रूड ही बेडफर्डच्या ड्यूकची मुलगी, आणि ही सगळी जमीन तेव्हा ड्यूकची. म्हणून जावयाचं नाव रस्त्याला. पाद्र्याचा मुलगा, मग राजदूत, मग ड्यूकचा जावई. तीन पिढ्या पुरल्या. एडवर्ड १९०८ मध्ये निपुत्रिक वारले आणि किताब चुलत शाखेकडे गेला. किताबाच्या सनदेत लिहिलेला 'औरस पुरुष वंशज' हा नियम पुढचा माणूस शोधत जातो.

कॉफी पिताना भाच्याला सांगितलं की मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉयना १८५७ मध्ये बॅरोनेट केलं, हिंदुस्थानातले पहिले. त्यांच्या घराण्यात तर वारसानं आपलं नाव टाकून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं असा कायदाच केला. त्यांच्याच नावाच्या जे. जे. रुग्णालयात प्रसूत झालेली त्याची आई, म्हणजे माझी बहीण, हे ऐकून काय म्हणेल ते माहीत असल्यानं आम्ही तो विषय तिथेच सोडला.

दुपारी टेट ब्रिटन हे कलासंग्रहालय. यासाठीच आले होते. थॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये पूर्ण केलेलं मोठं तैलचित्र: पुण्याच्या दरबारात, १७९० मध्ये, मालेट पेशव्यांना मंजूर झालेला तह देतो आहे. डॅनियल त्या दरबारात नव्हता. वेल्सनं केलेल्या रेखाटनांवरून त्यानं ते रंगवलं, आणि मालेटनं ते स्वतःसाठी करून घेतलं. किताबाचा जन्मदाखलाच म्हणा.

चित्रापुढे मी पाऊण तास उभी होते. कोरीव लाकडी खांब, पांढरे अंगरखे, पगड्या, आणि मध्ये सोळा वर्षांचे सवाई माधवराव. पाच वर्षांनी, वेल्सच्या मृत्यूच्या महिनाभर आधी, तेही याच शनिवारवाड्यात गेले. १८२८ च्या आगीत वाडा आतून जळला. आपण तिथे जातो तेव्हा बघतो ते दरवाजे, तटबंदी आणि जोती. छत, खांब, माणसांची बैठक बघायची तर लंडनला यावं लागतं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण आधी मी खांब मोजायला लागले.

एक पंजाबी तरुणी शेजारी येऊन उभी राहिली. कोण कोण आहे म्हणून विचारलं. मी सांगत गेले तसे आणखी चार-पाच जण जमले. शेवटी सुरक्षारक्षक आला, मला वाटलं हटकतोय, तर त्यानं विचारलं, "आणि ते राज्य पुढे कोणी घेतलं?" सगळे हसले. मी म्हटलं, "हा कागद देणाऱ्याच्या कंपनीनं. १८१८ मध्ये."

बाहेर पडताना भाच्यानं विचारलं, या चित्रात बायका का नाहीत. दरबारात कशा असतील! पण मालेटच्या पुण्यातल्या घरात होती. तिचं नाव अंबर कौर. तिला मालेटपासून तीन मुलं झाली, आणि वेल्सनं तिचंही चित्र काढलं होतं. सुझानाशी लग्न होण्याआधीच्या वर्षांतलं हे सगळं. किताब १७९१ चा, म्हणजे तो मिळाला तेव्हा मालेटच्या घरची बाई तीच. पण 'औरस' या एका शब्दानं तिची मुलं वारसाच्या रांगेत उभीच राहू शकत नव्हती, आणि बॅरोनेटांच्या वंशावळीत थोरला मुलगा म्हणून नोंद आहे ती १८०० मध्ये जन्मलेल्या अलेक्झांडरची. भाचा म्हणाला, "मग खरं घराणं मोठं आहे." मी म्हटलं, "आणि अर्धं पुण्याचं."

टेटला प्रवेश फुकट आहे, जवळचं ट्यूब स्टेशन पिम्लिको. हे चित्र नेहमी भिंतीवर असतं असं नाही, संग्रहालयाच्या संकेतस्थळावर 'प्रदर्शनात आहे' असं लिहिलेलं बघूनच जा. चित्राशी दुरून बोट दाखवून बोला, फार जवळ गेलं की घंटा वाजते. आणि मोठी बॅग बरोबर नेऊ नका. विमानाला निघायचं म्हणून आम्ही नेली होती, ती आत घेत नाहीत.